वाईथच्या चित्रांचं ट्रेझर आयलंड : चाळीसगावात मागवलं, त्याचा रिव्ह्यू

मंडळी, रिव्ह्यू लांब होणार आहे हे आधीच सांगतो. या पुस्तकासाठी मी दोन वर्षं थांबलोय आणि मधे एकदा चांगलाच फसलोय, तर ज्याला कोणाला जुन्या साहसकथांच्या चित्रवाल्या चांगल्या आवृत्त्या जमवायच्या असतील त्याने पैसे टाकायच्या आधी एवढं वाचून घ्या.

पुस्तक म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं ट्रेझर आयलंड, चित्रं एन. सी. वाईथची, अमेरिकेतल्या स्क्रिब्नर प्रकाशनाने १९८१ ला परत काढलेली आवृत्ती. हार्डबाउंड, जॅकेटसकट, सेकंडहँड. मूळ वाईथची आवृत्ती १९११ ची, पण ती चांगल्या कंडिशनमधे आपल्या बजेटमधे बसत नाही, तो विषयच सोडा. १९८१ वालं मला पुस्तक आणि परदेशातून यायचा खर्च धरून साडेतीन हजाराच्या आत पडलं. चाळीसगावसारख्या ठिकाणी एका पुस्तकाला साडेतीन हजार म्हटलं की घरात सगळे मान वर करून बघतात, पण मी सांगतो, वसूल आहे.

आधी फसलो ते सांगतो कारण त्यातूनच मला अक्कल आली. ऑनलाइन एक 'डिलक्स लेदर इलस्ट्रेटेड क्लासिक' दिसलं होतं, सोनेरी अक्षरं, पानांच्या तिन्ही कडांना सोनेरी, खूणेसाठी रेशमी फीत. फोटोत असं दिसत होतं की देवघरात ठेवावं. आलं तेव्हा लेदर नव्हतंच, रेक्झिन होतं, ते एक वेळ चाललं असतं. पण आतली चित्रं! कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून स्कॅन करून डकवलेली, रेषा सगळ्या एकमेकांत मिसळून राखेसारखा करडा गोळा झालेला, दोन चित्रं तर दुसऱ्याच चित्रकाराच्या हातची वाटत होती आणि एक चित्र चक्क दोनदा छापलेलं. सगळं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, चित्रकाराचं नाव कुठेच नाही. विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं की पुस्तक डॅमेज नाही म्हणून परत घेता येणार नाही. तर पहिली गोष्ट हीच, टायटल पेजवर चित्रकाराचं नाव नसेल तर कितीही सोनं लावलेलं असो, हात लावू नका. या छंदात पैसा चित्रांचा असतो, पुठ्ठ्याचा नसतो.

आता वाईथ. हा माणूस १८८२ चा, अमेरिकन चित्रकार हॉवर्ड पाइलचा शिष्य. ट्रेझर आयलंडसाठी त्याने एकूण १७ चित्रं केली, कव्हर आणि आतल्या पुठ्ठ्यावरची चित्रं धरून, आणि पुस्तकासाठीची चित्रं म्हणून काही छोट्या कागदावर नाही, जवळपास चार चार फूट उंचीचे ऑइल पेंटचे कॅनव्हास. त्याला या कामाचे २,५०० डॉलर मिळाले आणि त्या पैशातून त्याने पेन्सिल्व्हेनियात चॅड्स फोर्डला जमीन घेतली, घर आणि स्टुडिओ बांधला. नंतर स्क्रिब्नरसाठीच किडनॅप्ड १९१३ ला, मिस्टिरियस आयलंड १९१८ ला अशी एकेक पुस्तकं करत गेला. पण ट्रेझर आयलंडची सर मला तरी बाकीच्यांत दिसली नाही. (बाकीची मी स्क्रीनवर बघितलीत, हातात नाही, हेही खरं.)

पुस्तक उघडलं की पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाच चाचे हत्यारं घेऊन निघालेत, डोक्यावर काळा झेंडा. छपाई झकास आहे, काळा काळाच दिसतो आणि पिवळा उन्हासारखा दिसतो. पण मला बोलायचंय ते दोन चित्रांवर.

एक, गोष्टीतला आंधळा चाचा प्यू. चांदणं पडलंय, मागे घर, रस्त्यावर हा एकटा, अंगावरचा फाटका झगा वाऱ्याने उडतोय, काठी पुढे, हात पुढे, साथीदार त्याला टाकून पळालेत आणि तो रस्ता चाचपतोय. गोष्टीत हा माणूस इतका भीतीदायक आहे की लहानपणी मी ते पान पटकन उलटायचो. चित्रात बघितल्यावर पहिल्यांदा त्याची दया आली. आमची आजी शेजारी गहू निवडत बसली होती, तिला इंग्रजी येत नाही, स्टीव्हन्सन कोण तिला माहीत नाही, तिने चष्मा वर सरकवून चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हाऊ आंधया कथा चालना रे भो?" कुठे चालला हा आंधळा. त्या सीनमधे हाच प्रश्न आहे. तो कुठे चाललाय ते त्यालाच कळत नाहीये आणि पुढच्या दोन मिनिटांत घोड्याच्या टापांखाली येऊन मरणार आहे. एक अक्षर न वाचता आजीला ते कळलं.

दुसरं चित्र गोष्टीचा नायक पोरगा जिम घर सोडून निघतो ते. ऊन पडलंय, जिम आपल्या बाजूला चालत येतोय, हातात गाठोडं, आणि मागे घराजवळ त्याची आई पदर, म्हणजे तिकडचा एप्रन, तोंडाला लावून रडतेय. मी हे चित्र बघून लगेच मजकूर काढून वाचला, कारण मला असा काही प्रसंग आठवतच नव्हता. स्टीव्हन्सनने एका वाक्यात उरकलंय, आईचा निरोप घेतला, खाडीचा निरोप घेतला, निघालो. आई रडली वगैरे काही नाही. ती आई वाईथची आहे. आणि मग मी सगळी चित्रं एकेक करून मजकुराशी ताडून बघितली, तर बऱ्याच ठिकाणी हेच केलंय त्याने, लेखक जिथे फक्त एक ओळ लिहून पुढे पळतो तिथे हा थांबतो. लेखकाने पानभर वर्णन केलंय तेच परत काढण्यात काय मजा. चित्रवाली आवृत्ती चांगली की वाईट हे ठरवायला मी आता हीच कसोटी लावतो, चित्राने मला मजकुरात नसलेलं काही दाखवलं का.

मी डिप्लोमाला पुण्याला गेलो तेव्हा आई चाळीसगाव स्टेशनवर आली होती. गाडी हलल्यावर मी मागे वळून बघितलं नव्हतं. या चित्रात जिमही मागे बघत नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

बाकीची चित्रंही तगडी आहेत. डोलकाठीवर पिस्तूल रोखून बसलेला जिम आणि खालून चढत येणारा चाचा हँड्स, किंवा चाच्यांचा म्होरक्या कुबडीवाला सिल्व्हर जिमला दोरीने बांधून ओढत नेतोय ते. त्या दोरीच्या चित्रात ऊन इतकं खरं आहे की आपल्याकडचा मे महिना आठवतो.

आता कमीपणा. चित्रं वेगळ्या जाड कागदावर छापून मधे मधे बसवलीत त्यामुळे काही चित्रं त्या प्रसंगाच्या बरीच आधी येतात, पहिल्यांदा वाचणाऱ्या पोराला पुढचं आधीच कळतं, हे मला आवडलं नाही. पुस्तक जड आहे, आडवं पडून वाचता येत नाही. जॅकेटचा कणा माझ्या कॉपीत उन्हाने फिका पडलेला, पण विक्रेत्याने तसं आधी लिहिलं होतं म्हणून तक्रार नाही. तक्रार पॅकिंगची आहे. पुठ्ठ्याचा एकच थर, आत बबलचा एक वेढा, समुद्र ओलांडून येणाऱ्या पुस्तकाला एवढंच? खालचा एक कोपरा दबून आला आणि पुढच्या पुठ्ठ्याचा सांधा आतून उकलला. तुम्ही मागवाल तेव्हा विक्रेत्याला आधी लिहा की दोन थर पुठ्ठा आणि कोपऱ्यांना वेगळं पॅकिंग कर, वाटल्यास जास्तीचे पैसे घे. बहुतेक जण ऐकतात. मी लिहिलं नव्हतं.

सांधा दुरुस्त केला तो इथल्याच एका बाइंडर काकांकडे. नाव देत नाही, त्यांना फोन यायला लागले तर आवडणार नाही. त्यांचं रोजचं काम म्हणजे खातेवह्या, सोसायटीची रजिस्टरं, शाळेचे जुने दाखल्यांचे बुक. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही, आधी कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले शिलाई चांगली आहे, फक्त सांधा सुटलाय. मग मैद्याची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं म्हणजे कीड लागत नाही, पातळ कागदाची पट्टी सांध्यात आतून बसवली आणि शिकंज्यात दोन दिवस दाबून ठेवलं. वर पुठ्ठ्याची एक पेटी करून दिली, बाहेरून गडद निळं कापड, पुस्तक आत सरकवायचं आणि फक्त कणा बाहेर दिसतो. सगळे मिळून ४०० रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

तुमच्याकडे कोणी बाइंडर असेल तर एकच सूचना देऊन ठेवा, काका कडा कापू नका. वह्या बांधायची सवय असते, बांधून झालं की मशीनवर तिन्ही बाजू कापून एकसारख्या करायची, आणि जुन्या पुस्तकाची कड एकदा कापली की समास गेला, कधी कधी चित्राचा भागही जातो, ते परत येत नाही. आणि घरी स्वतः सेलोटेप लावू नका, कृपा करा. दोन-चार उन्हाळ्यांत तो चिकट पिवळा डाग होऊन कागदात उतरतो. आपल्याकडचा उन्हाळा पुस्तकांना फार वाईट, मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की जुना सरस तडकतो, आणि मग पावसाळ्यात कसर. पत्र्याच्या कपाटात पश्चिमेच्या भिंतीला टेकून पुस्तकं ठेवू नका, ती भिंत रात्री अकरापर्यंत गरम असते. मी आतल्या खोलीत लाकडी फळीवर ठेवतो, कडुनिंबाचा सुकलेला पाला फडक्यात बांधून शेजारी, आणि पावसाळ्यात ऊन पडलं की महिन्यातून एकदा बाहेर काढून पानं हलवतो. थेट उन्हात नाही, ओसरीत.

ट्रेझर आयलंडबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हे पुस्तक मुळात चित्रातूनच जन्मलंय. १८८१ च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधे ब्रेमारला स्टीव्हन्सन आणि त्याचा सावत्र मुलगा घरात अडकून पडले होते, पोरगा रंगकाम करत बसायचा, त्यात स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला, आणि तो नकाशा बघता बघता त्याला झाडीतून माणसं दिसायला लागली, गोष्ट सुरू झाली. पुढे १८८३ ला पुस्तक निघताना प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा पोचलाच नाही, हरवला. मग बिचाऱ्याला स्वतःचंच पुस्तक परत वाचून, कुठे काय लिहिलंय ते टिपून त्याबरहुकूम नकाशा नव्याने बनवावा लागला, वडिलांच्या ऑफिसात. त्याने नंतर लिहून ठेवलंय की तो नवा नकाशा त्याला कधी आपला वाटला नाही. म्हणून या पुस्तकाची कुठलीही आवृत्ती घ्या, नकाशा आहे का आणि स्वच्छ वाचता येतो का ते आधी विचारा. नकाशा नाही म्हणजे पुस्तक अर्धं आहे.

वाईथ मिळत नसेल तर काय घ्यावं. एडवर्ड विल्सनच्या चित्रांची आवृत्ती १९४१ ची, लिमिटेड एडिशन्स क्लबची. हा क्लब जॉर्ज मेसीने १९२९ ला काढला, ठराविक प्रती छापायच्या, बहुतेक १,५००, त्यावर चित्रकाराची सही. पण त्याच माणसाने १९३५ पासून हेरिटेज प्रेस चालवली आणि तीच चित्रं साध्या बांधणीत, पेटीसकट, कमी पैशात दिली. नव्याने जमवायला लागलेल्याने हेरिटेजपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, सहीचा हव्यास नंतर. दुसरा मर्व्हिन पीक, १९४९. काळी पांढरी, बारीक रेषांवर रेषा, आणि माणसं अशी की घाम फुटतो. मोठ्यांनी जरूर बघावं, सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नये.

आणि ज्यूल व्हर्न, साहसकथावाला फ्रेंच लेखक. व्हर्नशिवाय हा विषय खानदेशात संपूच शकत नाही. आपण बहुतेकांनी व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचलाय, मीही तसाच, नगरपालिकेच्या वाचनालयातून. ऐंशी दिवसांत जगाची सफर मोठेपणी पूर्ण वाचलं आणि अकराव्या प्रकरणात उडालोच, फिलियस फॉगची गाडी मुंबईहून निघते, रात्रीत नाशिक मागे पडतं आणि सकाळी ती सपाट, पिकांनी भरलेल्या खानदेशातून चाललेली असते. नाव घेऊन लिहिलंय, खानदेश! १८७२ चा ऑक्टोबर. म्हणजे आपल्या चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ लाइनीवरून फॉग गेलाय आणि पुढे दुपारी साडेबाराला बऱ्हाणपूरला त्याच्या नोकराने खोट्या मोत्यांच्या चपला घेतल्या.

व्हर्न इथे कधी आला नव्हता, ते कळतं. इथल्या नद्या तो गोदावरीला मिळवतो. अरे बाबा, आमची तितूर गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला. शेतात कापूस दिसतो लिहिलंय ते बरोबर, पण शेजारी कॉफी, जायफळ, लवंग, मिरी पण पिकवलीय. मालेगाव गाडीच्या रस्त्यात आणलंय, तिथून आजही ती लाइन जात नाही. वेरूळ जवळ आहे म्हणतो ते मात्र खरं, कन्नडचा घाट चढला की पुढे वेरूळच. एवढ्या चुका असूनही मला त्या पानाचा अभिमान आहे, का ते विचारू नका, फ्रान्समधल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी नकाशावर बोट ठेवून आपल्या भागातून गाडी नेली.

या जगाच्या सफरीची मूळ चित्रं अल्फोन्स द न्यूव्हिल आणि लेआँ बेनेट यांची, एत्झेल प्रकाशनाची. ही लाकडावर कोरलेली चित्रं, म्हणजे चित्रकार काढणार आणि कोरणारा कारागीर लाकडी ठोकळ्यावर रेष न् रेष कोरणार. इथे रंग नाही, सगळा खेळ रेषांचा, त्यामुळे छपाई भंगार असेल तर चित्र मेलं. त्या लाल-सोनेरी एत्झेल बांधण्या आपल्या आवाक्याबाहेर, पण ही चित्रं घेऊन नव्या आवृत्त्या पुष्कळ निघतात. मागवण्याआधी विक्रेत्याकडून एका चित्राचा जवळून घेतलेला फोटो मागा आणि झूम करून आकाश बघा. आकाशातल्या रेषा सुट्या दिसल्या तर घ्या, करडा ढग दिसला तर सोडा. व्हर्नचंच 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' घेत असाल तर चित्रं मोजा, मूळ आवृत्तीत १११ आहेत, नवीन बऱ्याच पुस्तकांत निम्मी गाळलेली असतात आणि वर 'फुली इलस्ट्रेटेड' छापलेलं असतं.

तर वाईथच्या ट्रेझर आयलंडला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा चित्रांच्या जागेसाठी कापला. पॅकिंगला दोन. बाइंडर काकांना पाच. किडनॅप्ड १९१३ ची कुणाकडे नीट अवस्थेत असेल आणि द्यायची असेल तर मला कळवा, वाचायला दिली तरी चालेल, धुळे-मालेगाव-जळगाव कुठेही येऊन घेऊन जाईन.

पेटी आली त्या संध्याकाळी आईला ते निरोपाचं चित्र दाखवलं. चहा गाळत होती, हात पदराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. रडणाऱ्या आईकडे तिने फार बघितलं नाही. जिमच्या हातातल्या गाठोड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय बांधी दिन्हं व्हई तिनी?" काय बांधून दिलं असेल तिने. मी मजकूर परत काढून बघितला. स्टीव्हन्सनने लिहिलेलं नाही.